ब्लाझचा शेजारधर्म

सावा नदीकाठच्या आमच्या क्रोएशियन गावात ब्लाझएवढं उदार कोणी नाही, निदान तोंडाने तरी. "बोस्नियाला युरोपीय संघात घ्याच!" असं तो रोज कॉफीच्या टेबलावर गरजायचा. स्वतःची आलुबुखाराची दारू मात्र नदीपलीकडे, बोस्नियातल्या ओस्तोयाच्या कोठारात गाळायचा. कारण नदीच्या अलीकडे, क्रोएशियात, संघाचे नियम, कर आणि तपासनीस.

एकदा ओस्तोया हरखून म्हणाला, "ब्लाझभाऊ, तुझ्या तोंडात साखर पडो! पण आम्ही आत आलो की तपासनीस इथेही येणार. तुझी भट्टी तेवढी घरी ने बाबा."

ब्लाझ लगेच म्हणाला, "अरे, एवढी कसली घाई?"

दुसऱ्याच दिवशी हा महात्मा गावाला बजावू लागला, "शेजाऱ्यांना घ्यायचंच! पण आधी त्यांची तयारी होऊ द्या. माझ्या नातवंडांच्या काळात बघू."