हवालदाराच्या हाताखाली सुभेदार

सुभेदारसाहेब हॉलमध्ये आले आणि खुर्च्यांवर बसलेले सगळे माजी सैनिक खाडकन उठून उभे राहिले. कोणाच्या हातात चहाचा कप, कोणाच्या तोंडात बिस्किट. दोघेतिघे कारखानदारांशी बोलत होते, त्यांनी वाक्य अर्ध्यात सोडलं. माझा नेटवर्किंगचा कार्यक्रम सुरू होऊन जेमतेम दहा मिनिटं झाली होती.

"बैठिये, बैठिये," साहेब म्हणाले.

सगळे बसले. त्यानंतर कोणी तोंड उघडलं नाही.

मी जळगावात प्लेसमेंट एजन्सी चालवते. म्हणजे नोकरी हवी असलेल्याची आणि माणूस हवा असलेल्याची गाठ घालून देते. त्या वर्षी एमआयडीसीतल्या काही मालकांनी ठरवलं की फौजेतून निवृत्त होऊन आलेल्या लोकांसाठी काहीतरी करायचं. 'काहीतरी करायचं' हे त्यांनी ठरवलं आणि करायचं काम माझ्याकडे दिलं.

नेटवर्किंग म्हणजे ओळखी काढणं. आपल्याकडे हे काम लग्नाच्या पंगतीत होतं. "तू कोणाचा रे? मामा कुठले? बरं, सोमवारी ये कारखान्यात." झाली भरती. आम्ही त्याच कामाला बॅनर लावतो आणि फ्लॅस्कमधला चहा देतो. पण फौजी माणूस वीस-बावीस वर्षं गावातल्या लग्नांना गैरहजर असतो. सुट्टीवर येतो तेव्हा घराचे पत्रे बदलतो, जावळं उरकतो, परत जातो. त्याला काम येतं, पण त्याला ओळखणारं कोणी नसतं. म्हणून हा कार्यक्रम.

दुसरी अडचण मालकांची. त्यांना फौजी दिसला की गेट दिसतं. माझ्या यादीत इंजिन मेकॅनिक होते, रेडिओ दुरुस्त करणारे होते, स्टोअरकीपर होते, दवाखान्यात काम केलेले होते. मालकांना त्या सगळ्यांच्या हातात काठी दिसत होती.

या यादीत पहिलं नाव भटू पाटलाचं होतं. हवालदार, मूळ गाव शिंदखेडा तालुक्यात, फौजेत रसद विभागात. पहिलं नाव अशासाठी की त्याच्याकडे वेळ नव्हता. पुण्याच्या एका एजन्सीने त्याला सिक्युरिटी सुपरवायझरची नोकरी दिली होती आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हजर व्हायचं होतं. त्याची बायको अर्चना जामनेरला जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. लग्न झाल्यापासून दोघं एका घरात सलग दोन महिने राहिलेले नव्हते. जळगावात काम मिळालं तर जामनेरहून अप-डाऊन जमणार होतं. नाही मिळालं तर पुणे, आणि पुन्हा सुट्टीपुरतं घर.

अर्चना एकदाच माझ्या ऑफिसात आली होती. म्हणाली, "मॅडम, यांना पुण्यालाच जायचं असेल तर फौज काय वाईट होती? तिथे निदान रेशन फुकट होतं."

तर हॉलमध्ये भटूसमोर बसले होते नाना. यावलकडचे. जळगावच्या एमआयडीसीत केळीचं पॅकहाऊस आणि कोल्ड स्टोरेज. त्यांनी भटूला विचारलं, "तू काय काम करायचा फौजमधी?"

भटूने सुभेदारसाहेबांकडे पाहिलं. हे साहेब धुळ्याचे, भटूच्याच युनिटमधले, वर्षभर आधी निवृत्त झालेले. सुभेदार म्हणजे जवान आणि ऑफिसर यांच्या मधला माणूस. जवानांचा वरिष्ठ, ऑफिसरांचा कनिष्ठ, आणि दोघांपेक्षा मोठ्या मिशीचा. मी बॅजवर फक्त नाव आणि काम छापलं होतं, हुद्दा मुद्दाम गाळला होता. साहेबांनी स्वतःच्या बॅजवर बॉलपेनने 'सुभेदार' लिहून खाली रेघ मारली होती.

उत्तर त्यांनीच दिलं. "बहुत बढिया लडका है. डिसिप्लिन एकदम टॉप."

"मंग सोपं आहे," नाना म्हणाले. "गेटवर ठेवतो. बंदूक आहे का याच्याकडे?"

साहेब पुढच्या टेबलावर गेले. तिथल्या माणसाच्या वतीनेही तेच बोलले. एकूण हॉलभर एकच माणूस मुलाखत देत होता.

मी साहेबांना बाजूला घेतलं. "साहेब, चहाची व्यवस्था तुम्ही बघाल का?" त्यांनी दोन मिनिटांत चहाची रांग लावली, सिनिऑरिटीप्रमाणे. मालक रांगेच्या शेवटी. मग मी म्हटलं, "साहेब, बाहेर पार्किंगचा फार गोंधळ आहे." पार्किंगमध्ये चारच गाड्या होत्या. साहेब लगेच गेले.

भटू मोकळा झाला. तरी पहिलं वाक्य काय, तर, "काही नही नाना, रेशननं काम व्हतं."

"रेशन दुकान?"

आता मी मध्ये पडले. "भटू, तुम्ही मला टोमॅटोचं सांगितलं होतं ते सांगा."

मग तो बोलला. वरच्या चौक्यांना भाजी, फळं, अंडी पाठवायची. रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही, आणि सगळा माल सारखा टिकत नाही. "बठ्ठा माल सारखा नही शे, नाना. टमाटं पहिले, कांदा मांगे. एक पिकेल केळं पेटीमा राह्यनं, तर बाकीना बी पिकाडी टाकस."

'केळं' म्हटल्यावर नाना खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्याकडून केळी परदेशात जातात. बागेतून आलेली केळी धुऊन, खोक्यात भरून, आधी गार करायची आणि मग रीफरमध्ये चढवायची. रीफर म्हणजे चाकांवरचा फ्रिज. गाडी भरायला उशीर झाला, दार उघडं राहिलं की आतला माल वाटेत पिवळा पडतो. नानांचे दोन कंटेनर असेच वाया गेले होते. कोणती गाडी आधी भरायची यावर त्यांच्याकडे रोज भांडण व्हायचं आणि भांडण मिटेपर्यंत दार उघडं.

"मंगळवारी ये पॅकहाऊसवर," नाना म्हणाले.

मंगळवारी मीही गेले. नानांनी भटूला दिवसभर काम करू दिलं आणि संध्याकाळी मला केबिनमध्ये बोलावलं. "ताई, हा माह्याकडे डिस्पॅच सुपरवायझर. पक्कं. पन मले अजून एक मानूस पाहिजे. तो पार्किंगवाला."

"कोण पार्किंगवाला?"

"मिशीवाला हो. त्या दिवशी माह्या ड्रायव्हरनं गाडी तिरपी लावली होती, त्यानं तीनदा काढाले लावली. माह्या ड्रायव्हरनं आजपर्यंत माह्यं ऐकलं नाई. त्याले गेट अन् यार्ड देतो. भटूच्या हाताखाली."

मी मनात दोघांच्या नावापुढे टिक केली. एका कार्यक्रमातून दोन जागा म्हणजे आमच्या धंद्यात दिवाळी. बाहेर येऊन भटूला सांगितलं.

भटूचा चेहरा उतरला. "साब खाले नि मी वर? माले जमाव नही, मॅडम."

"अहो, फौज संपली."

"फौज संपली. साब नही संपनात."

केबिनमध्ये परत गेले. नाना वैतागले. "काब्रं नाई म्हणून राह्यला? पगार कमी आहे का?"

"पगाराचं नाही नाना, रँकचं आहे."

"माह्याकडे रँक फक्त केळीले असते. ए ग्रेड, बी ग्रेड."

मी कागद काढला. उपाय पहिला, साहेबांना डिस्पॅच आणि भटूला गेट. नाना म्हणाले, मग केळी साहेबांना सॅल्यूट मारतील, गार होणार नाहीत. उपाय दुसरा, दोघांच्या पाळ्या वेगळ्या. पण गाड्या भरतात एकाच वेळी. उपाय तिसरा, गेटने थेट नानांना रिपोर्ट करायचं. त्यावर नाना म्हणाले, "भटू म्हणीन सोड, गेट म्हणीन थांब. मधल्या मधी केळीनं कोनाचं ऐकाचं?" उपाय चौथा, साहेबांना घ्यायचंच नाही. नाना म्हणाले, ड्रायव्हर लोकांसाठी तोच पाहिजे. तीन महिन्यांपासून शोधत होते.

"दोघं येत असतीन तर सांगा," नाना म्हणाले. "नाई तर मी माह्या भाच्याले बसवतो डिस्पॅचवर." त्यांचा भाचा मला माहीत होता. त्याच्यापेक्षा केळी हुशार.

भटूने पुण्याच्या एजन्सीला होकार कळवायचं ठरवलं. हे मला त्याने सांगितलं नाही, अर्चनाने फोनवर सांगितलं. "मॅडम, त्यांना एकदा विचारा, लग्न माझ्याशी केलंय की साबांशी? मुलगी आता नववीत जाईल. बाप घरात कसा दिसतो ते तिने फक्त सुट्टीत पाहिलंय. साब गेटवर उभे राहिले तर यांची मान खाली जाते म्हणे. आणि मी इतकी वर्षं एकटी उभी आहे, त्याचं काही नाही."

"मला दोन दिवस द्या," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी धुळ्याची एसटी पकडली. वाटेत मुद्दे लिहून काढले. साहेबांनी स्वतःहून नकार द्यावा, एवढंच मागायचं; तेच नाही म्हणाले तर नाना एकट्या भटूवर तयार होतील. त्यांच्यासाठी दुसरी जागा शोधायची. भटूच्या हाताखाली काम करण्याचा विषय तर काढायचाच नाही. अपमान वाटायचा.

दार अक्कांनी उघडलं, साहेबांच्या पत्नी. मी एजन्सीची म्हटल्यावर त्यांनी मला आधी स्वयंपाकघरात नेलं. फळीवर डबे होते, सगळे एका उंचीने लावलेले, प्रत्येकावर चिठ्ठी. "बघा," अक्का हळू आवाजात म्हणाल्या. "सकाळी सहाला इन्स्पेक्शन. काल हिंगाची डबी जागेवर नव्हती म्हणून मला जाब विचारला. ताई, यांना कुठंतरी लावून द्या. पगार नसला तरी चालेल. मी देते पगार."

म्हणजे साहेबांनी नकार द्यावा हा माझा पहिला मुद्दा तिथेच बाद झाला. हा माणूस घरी राहिला असता तर अक्का पुण्याला गेल्या असत्या.

साहेब बाहेरच्या खोलीत ताठ बसले होते. मी मुद्द्यांचा कागद पर्समध्ये ठेवला आणि सरळ सांगितलं. नानांना दोघं हवेत. भटू डिस्पॅचला, तुम्ही गेटला. गेट डिस्पॅचच्या खाली. भटू नाही म्हणतो. एक तारखेला पुण्याला जातो.

साहेबांनी मिशीवरून हात फिरवला.

"मेरी वजह से नाही म्हणतो?"

"हो."

"गधा आहे."

साहेब खुर्ची सरकवून माझ्याकडे वळले.

"मॅडमजी, आमच्याकडे नवा लेफ्टनंट येतो तेव्हा तेवीस वर्षांचा असतो. माझ्या नोकरीपेक्षा त्याचं वय कमी. त्याला मी सॅल्यूट मारायचा, साहब म्हणायचं, आणि संध्याकाळी समजवायचं की सर, असं नाही, असं करतात. पूरी नौकरी यही किया. वर बसलेला माणूस लहान असला तर काय करायचं, हे सुभेदाराला नाही समजणार तर कोणाला समजणार?" त्यांनी मोबाइल उचलला. "मला सवय आहे. भटूला नाही. त्याला वर बसायची सवय लागेल हळूहळू."

अख्ख्या एसटीप्रवासात हे मला सुचलं नव्हतं. मी त्यांच्या मानापमानाची काळजी करत होते आणि माझ्या समोर खानदेशातला या कामासाठी सर्वांत अनुभवी माणूस बसला होता.

फोन स्पीकरवर होता.

"हवालदार भटू."

"जय हिंद, साब!" पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज. बहुतेक तो उभा राहिला असावा.

"सोमवार को जॉइन करना है. नानाजी के यहाँ. डिस्पॅच."

"साब, पण गेटवर तुम्ही..."

"गेट पे मैं रहूँगा. तुम ऊपर रहोगे. आप बोलेंगे, हम करेंगे. कोई शक?"

पलीकडे पडलेली वस्तू उचलल्याचा आवाज. मग, "नो साब."

"पुण्याला फोन करून नाही सांग. आत्ता."

"यस साब."

आतून अक्कांचा आवाज आला, "सोमवारी किती वाजता निघायचंय?" इतका आनंदी आवाज मी फार दिवसांत ऐकला नव्हता.

दोघेही सोमवारी हजर झाले, साहेब पॅकहाऊसजवळ खोली घेऊन. मी नानांना एक तक्ता छापून दिला. वर नाना, खाली भटू, त्याच्या खाली सुभेदारसाहेब. नानांनी तो केबिनमध्ये लावला.

काही आठवड्यांनी नानांचा फोन. "ताई, माह्या पॅकहाऊसचा मालक कोन आहे?"

"तुम्ही."

"मंग एकदा येऊन पाहा."

गेले. रीफर भरून तयार होता. भटू कागद घेऊन गेटजवळ आला, टाचा जुळवून उभा राहिला आणि म्हणाला, "साब, गाडी तैयार है. छोडने की परवानगी?" साहेबांनी सील पाहिलं, दाराचं रबर पाहिलं, ड्रायव्हरकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने शर्टाचं बटण लावलं. मग म्हणाले, "परवानगी है, सर." गेट उघडलं, गाडी गेली. तक्त्याप्रमाणे हा वरून खाली गेलेला हुकूम होता. प्रत्यक्षात खालून वर गेलेली विनंती होती, आणि दोघंही एकमेकांना वरचा समजत होते.

"गाडी लेट होते का?" मी नानांना विचारलं.

"नाई."

"माल परत आला?"

"एकबी नाई."

"मग तक्रार काय?"

"काल माही गाडी अडवली," नाना म्हणाले. "मले म्हने, गेट पास?"

भटू आता जामनेरहून रोज ये-जा करतो. संध्याकाळची एसटी चुकली तर अर्चनाचा फोन त्याला आधी जातो आणि मला नंतर. मी तिला सांगितलंय की एसटीची जबाबदारी माझ्या एजन्सीची नाही. पण ती ऐकत नाही.

फौजी लोकांना नोकरी देणाऱ्या मालकांना मी आता एवढंच सांगते. त्यांना वर बसवा, खाली बसवा, सगळं चालतं. दोघं एकाच युनिटचे असतील तर मात्र आधी विचारून घ्या. आणि पहिल्यांदा सुभेदाराला विचारा. तो लवकर हो म्हणतो.