हळद, चुना आणि बोडीतली पिल्लं

लग्नानंतर वडशाजवळच्या सासुरवाडीला पहिल्यांदा राहायला गेलो, तेव्हा विज्ञानाचा पदवीधर म्हणून माझा असा दरारा होता की पाण्याचा थेंबसुद्धा मला विचारून वळायचा. हे मीच सांगत फिरत होतो, म्हणून गावभर ठाऊक होतं.

सासरे मासेमारी करत. धान निघाल्यावर शेतांमधल्या अरुंद पाटांत पाणी साचून राही. त्यात गेळाची फळं कुटून टाकली की मासे गुंगून वर येत. खाणाऱ्याला काही होत नसे. पण पाटांच्या या जाळ्याच्या टोकाला, एका मातीच्या बांधापलीकडे, बोडी होती. त्या लहानशा तळ्यात सासूबाईंनी पुरातून धरून आणलेली रोहूची पिल्लं वाढवली होती. पुढच्या वर्षाचं घर त्यांच्यावरच चालायचं.

"पिल्लं मडक्यात काढून ठेवू का?" सासूबाईंनी विचारलं.

"कशाला? विष बांध ओलांडत नसतं. दाखवतोच तुम्हाला," मी म्हणालो.

अंगणात चिखलाचे पाट केले, बांध घातला, पाणी भरलं. एका टोकाला हळद, म्हणजे गेळ. दुसऱ्या टोकाला चुना, म्हणजे पिल्लं. दोन्ही भेटतील तिथे पाणी लाल होणार. अर्धं गाव अंगणात जमलं, उरलेलं कुंपणावर चढलं. हळद पाटापाटांतून रांगत गेली, वळणावर रेंगाळली आणि बांधाशी येऊन थांबली. पलीकडे चुना पांढराशुभ्र.

"पाहिलंत? गेळाच्या बापालाही बांध ओलांडता यायचा नाही!"

"जावईबापू म्हणते तं बरोबरच असन," सासरे म्हणाले. मडकी जागेवरच राहिली.

दुसऱ्या दिवशी गेळाची फळं टाकली. पाटांत मासे उलटले, टोपल्या भरल्या, मी बांधावरून सेनापतीसारखा हुकूम सोडत होतो. दुपारी वळून पाहिलं तर बोडीवर चांदी पसरलेली. सगळी पिल्लं, मेलेली. बांध आतून खेकड्यांच्या बिळांनी पोखरलेला होता आणि त्या बारीक नळ्यांतून विष पाझरत गेलं होतं. माझ्या अंगणातल्या ताज्या चिखलात खेकडा कुठून येणार?

"मडक्यात काढले असते तं..." मेहुण्यानं तोंड उघडलं.

"चूप राह्य! जावई हायेत ते," सासरे ओरडले.

तिकडे जावयाला बोल लावत नाहीत. कुणीतरी सणसणीत शिवी हासडावी म्हणून मी वाट पाहत उभा राहिलो. सासूबाई गुडघाभर पाण्यात पिल्लं वेचत होत्या.

संध्याकाळी पहिलं ताट माझं. सगळ्यात मोठ्या माशाचं डोकं माझ्यापुढे.

"घ्या ना जावईबापू, लाजता काऊन?" सासूबाई म्हणाल्या. डोळे सुजलेले होते.

मी खाली मान घालून खात राहिलो. त्यांनी आणखी रस्सा वाढला.