आत्याबाई नावं ठेवायच्या

माणूस गेल्यावर पहिले काही दिवस सगळे रडतात आणि वर्षश्राद्धाला तेच सगळे हसतात! परवा औंधजवळच्या आमच्या गावी आत्याबाईंचं वर्षश्राद्ध झालं. आम्ही तिघी जावा मेथी निवडायला बसलो. एकीनं एक किस्सा काढला की दुसरीला दोन आठवायचे. शेवटी आचारी ओरडला, "आवं वहिनी, भाजी आज करायची का उद्या?" तेव्हा कुठं मेथी आत गेली.

आत्याबाई म्हणजे आमच्या सासूबाई. आमच्या भागात सासूला आत्याबाईच म्हणतात. नवरा ऐन उमेदीत गेला, तेव्हापासून हे एवढं मोठं खटलं त्यांनी एकटीनं ओढलं. तीन मुलं. थोरले फौजेत सुभेदार होऊन रिटायर झाले, मधले गावी ऊस बघतात आणि आमचे हे सांगलीला हळदीच्या पेठेत. घरासाठी बाई आयुष्यभर राबली, पण त्यांच्या तोंडून कुणाबद्दल चांगला शब्द निघेल तर शपथ!

त्याला कारण होतं. तोंडावर कौतुक केलं की नजर लागते, हा त्यांचा कायदा. म्हणून जे आवडेल त्याला नावं ठेवायची. जितकं जास्त आवडेल तितकी जास्त नावं!

*

मी सांगलीत वाढलेली. मला हे काय माहीत? लग्नानंतर पहिल्यांदा पुरणपोळ्या केल्या आणि गरमागरम वाढल्या. आत्याबाईंनी दोन खाल्ल्या. तिसरी मागून घेतली. हात धुता धुता म्हणाल्या, "खान्यासारखं झालंय."

मी आत जाऊन मुसमुसून रडले. मागोमाग थोरल्या जाऊबाई आल्या.

"आगं येडे, हसायचं सोडून रडतीस? मला 'गिळता येतंय' म्हनाल्या हुत्या!"

*

थोरल्या भावजींना फौजेत मेडल मिळालं. गावानं सत्कार ठेवला. मंडप, स्पीकर, हारतुरे, सगळं रीतसर. भावजी कडक युनिफॉर्ममध्ये छाती काढून उभे. सरपंचांनी आत्याबाईंच्या हातात माईक दिला.

"आक्का, लेकाबद्दल दोन शबूद बोला."

आत्याबाईंनी पदर सावरला, लेकाकडं एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "ल्हानपनी बैलाला भ्यायचा. आजून भितोय."

आणि माईक परत! अख्खा मंडप खो खो हसला. भावजींची छाती बिचारी जागच्या जागी आत गेली.

घरी आल्यावर मात्र त्यांना उंबऱ्याबाहेर उभं करून आत्याबाईंनी मीठमोहऱ्या उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या. "बगितलंस? समदं गाव डोळं लावून बसलं हुतं!"

*

माझ्या तान्ह्या मुलीला घेऊन मी आणि आत्याबाई सांगलीत डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टर तरुण, हसतमुख. वजनकाट्यावरून बाळाला उचललं आणि म्हणाले, "वा! काय गोड बाळ आहे! एकदम हेल्दी!"

आत्याबाई ताडकन उठल्या. पोरीवर थू थू केलं आणि टेबलावरचा फोटो हातात घेतला. फोटोत डॉक्टरांचा मुलगा होता.

"तुमचं पोरगं बी लय वंगाळ दिसतंय हां!"

डॉक्टरांचा चेहरा खर्रकन उतरला. मी घाईघाईनं सगळा खुलासा केला. माणूस भला, पोट धरून हसला. पुढच्या वेळी गेलो तर आत शिरल्या शिरल्या म्हणाला, "आजी, बाळ फारच कुरूप झालंय. वजन मस्त वाढलंय!"

"आता कसं डाक्टरावानी बोललासा!"

*

ही कुरूप पोरगी पुढं लग्नाला आली. लोणंदचं स्थळ. पाहुणे बैठकीत बसलेले, पोह्यांच्या डिश फिरलेल्या. मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, "आजी, नात कशी आहे तुमची?"

मी घाईनं पोह्यांची डिश आत्याबाईंपुढं केली.

"लय आळशी," आत्याबाई म्हणाल्या. "तोंडाळ हाय. सकाळी उठत न्हाई. चा बी धड येत न्हाई करायला."

आमच्या ह्यांना ठसका लागला. मुलाकडचे एकमेकांची तोंडं बघायला लागले. आता पाहुणे उठतात, एवढंच बाकी! तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली मुलाची आजी पुढं सरकली.

"आमचं तरी काय सोनं लागून गेलंय! कवाबी बगा, मोबाइलात तोंड. शर्टाचं बटान लावता येत न्हाई."

"हिला भूक लागली की घर डोक्यावर घेती."

"त्यो झोपला की ढोल वाजवा, उठायचा न्हाई!"

दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. पोराचं आणि पोरीचं एकही वाईट सांगायचं शिल्लक राहिलं नाही. जेवायच्या आत लग्न ठरलं!

*

सगळं मला समजत होतं. पण खरं सांगू? तरीही एकदा त्यांच्या तोंडून 'चांगलं' ऐकायचं होतं. एवढा संसार केला, माणूस आहे मी! एकदा भाकरी थापता थापता सरळ विचारलं, "आत्याबाई, एकदा तरी बरी म्हणा की मला!"

"म्हनल्यावर काय उद्या भाकरी जादा फुगनार हाय?"

संपला विषय.

*

शेवटचं वर्ष त्या सांगलीला आमच्याकडं होत्या. एकेक माणूस विसरत गेल्या. आधी शेजारी, मग नातवंडं, मग मुलं. औषध रिकाम्या पोटी देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं, आणि एके दिवशी तर सकाळपासून घास घेत नव्हत्या. ह्यांनी भरवून बघितलं, मुलीनं व्हिडिओ कॉलवरून लाडीगोडी लावली. नाही म्हणजे नाही!

मी ज्वारीची भाकरी दुधात कुस्करली आणि समोर बसले.

"आत्याबाई, एवढा एक घास."

त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं. हातानं वाटी बाजूला सारली.

"तू ऱ्हाऊ दे बाई. माझी धाकटी सून येतीया आता. तिच्या हातनंच खाते मी."

मी चमचा वाटीत ठेवला.

"एवढी चांगली आहे का ती?"

त्यांनी दाराकडं बघितलं. मला जवळ बोलावलं आणि कानाशी तोंड आणून म्हणाल्या, "लय गुनाची. लेक न्हाई मला, पन त्याचं कवा वाईट वाटू दिलं न्हाई तिनं. तिला सांगू नगंस हां."

मी डोळे पुसले आणि पुन्हा घास पुढं केला.

"ती येईपर्यंत माझ्या हातनं खावा की."

"नगं. तिला काय वाटंल?" त्यांनी माझ्या पाठीवरनं हात फिरवला. "तू जा आता घरी. तुझी बी सासू वाट बगत आसंल."