नाकवाल्या काकू

आमच्या बडोद्याच्या प्रतापनगरातल्या सोसायटीत कुणाच्या घरी काय शिजतंय, काय करपतंय आणि काय लपवलंय, हे सगळ्यांत आधी कळायचं ते तळमजल्यावरच्या काकूंना. दारातून आत पाऊल टाकलं की म्हणायच्या, "हिंग जास्त झाला गं," नाहीतर, "दूध आजच वापर, उद्यापर्यंत टिकायचं नाही." आणि दूध खरंच टिकायचं नाही! समोरच्या गुजराती बेन त्यांना 'नाकवाळां काकी' म्हणायच्या, आम्ही मराठी मंडळी 'नाकवाल्या काकू'. त्यांना दोन्ही नावं ठाऊक होती आणि दोन्हींचा अभिमान होता.

शाळेतून निवृत्त झालेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा सुनील हैदराबादला. एकट्या राहायच्या, पण त्याचं रडगाणं नाही. लहरीपुऱ्याच्या बाजारात मसाला घ्यायला मला बरोबर न्यायच्या. दुकानदार ओंजळीत धणे पुढे करायचा, काकू हुंगायच्या आणि म्हणायच्या, "भाई, आ तो गया वरसना छे. नवा काढो ने." तो हसत आतला डबा उघडायचा. मला मेलीला गेल्या वर्षीचे काय नि नवे काय, दोन्ही धणे सारखेच वाटायचे. "नाक सगळ्यांना असतं," काकू म्हणायच्या, "वापरायला वेळ कुणाला आहे?"

साथीच्या त्या तापातून काकू वाचल्या, पण नाक गेलं. "हळूहळू येईल वास," डॉक्टर म्हणाले, "किंवा नाहीही येणार." वर्ष होत आलं तरी काही नाही. काकू कुणाच्या दारात थांबेनाशा झाल्या. एका सकाळी मी ताक द्यायला गेले तर घरभर गॅस कोंडलेला. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि काकू त्याच स्वयंपाकघरात निवांत मेथी निवडत बसल्या होत्या. मी ओरडत खिडक्या उघडल्या. दुपारी मीच सुनीलला फोन केला. त्यानं तडक महिनाअखेरचं आईचं तिकीट काढलं आणि घर भाड्यानं द्यायचं ठरवलं. काकू माझ्यावर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. एवढंच म्हणाल्या, "तू केलंस ते बरोबर केलंस. पण मला तिकडं करमायचं नाही गं."

जाण्याआधी चार दिवस माणसांत राहू दे, म्हणून मी त्यांना आमच्या मंडळाच्या नाशिकच्या सहलीला अक्षरशः ओढून नेलं. पहिला दिवस देवदर्शनाचा, दुसरा द्राक्षमळ्यांचा आणि वायनरींचा. दुसऱ्या दिवशी बसमधला उत्साह काय सांगू! ज्या वस्तूचं नाव दारूबंदीमुळे बडोद्यात आवाज खाली आणून घ्यायचं, ती इथं भर उजेडात, काचेच्या पेल्यात मिळणार होती. आमचे सेक्रेटरी तर पेला कसा धरायचा, कसा फिरवायचा, हे मोबाइलवर बघून तयार होऊन आले होते.

काकू पिणाऱ्यांतल्या नव्हत्याच. पहिल्या वायनरीत त्यांनी पेला मात्र घेतला. "वासानं कुणाचं व्रत मोडत नाही," म्हणाल्या. पेला नाकाशी नेऊन बराच वेळ धरला. "काही नाही," त्यांनी पेला माझ्या हातात दिला, "पाणी आणि हे, मला सारखंच." मग सगळे मळ्यात फोटो काढत फिरले तेव्हा त्या बसमध्ये जाऊन बसल्या. कशाला आणलं यांना, असं मला वाटलं.

दुपारी दुसरी वायनरी. लांबलचक टेबल आणि माहिती सांगणारी एक चुणचुणीत मुलगी. लाल वाइन ओतून ती म्हणाली, "आधी हुंगा आणि सांगा, कशाची आठवण होते?" झालं! गप्प बसणं आमच्या लोकांना शिकवलेलंच नाही. "जांभूळ!" सेक्रेटरी म्हणाले. "दालचिनी!" त्यांच्या मिसेस. मीही लाजेकाजेस्तव "लवंग" ठोकून दिलं. सगळ्यांनी घोट घेतला, माना डोलावल्या. काकूंनी सगळ्यांत शेवटी पेला उचलला, हुंगला आणि नाक मुरडलं.

"शी! ओल्या गोणपाटाचा वास मारतोय."

सेक्रेटरी समजुतीच्या सुरात म्हणाले, "काकू, लाकडाच्या पिंपात मुरवतात ने, त्याचा असतो तो."

"लाकूड मला कळतं हो! हे गोणपाटच. पावसात भिजून कोपऱ्यात पडलेलं."

मुलीनं पेला हुंगला, मग बाटली हुंगली आणि तिचा चेहरा उतरला. तिनं आतून साहेबांना बोलावलं. त्यांनी एकदाच हुंगून सगळ्यांचे पेले परत मागितले. "माफ करा, या बाटलीचं बूच खराब निघालं, म्हणून कुबट वास लागलाय. उघडल्यावर आम्हीच बघायला हवं होतं. आजी, बरोबर ओळखलंत." जांभूळवाले आणि दालचिनीवाल्या खाली बघायला लागले.

मला मात्र हसू येईना. मी काकूंचा हात घट्ट धरला. "अहो काकू, तुम्हाला वास आला!"

वाद घालण्याच्या भरात त्यांच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. माझ्याकडे बघतच राहिल्या. मग माझ्या ओढणीचं टोक नाकाशी धरलं. "डांबराच्या गोळ्या," म्हणाल्या. "कपाटात किती टाकतेस गं?" आणि सगळ्यांच्या देखत त्या ओढणीत तोंड खुपसून रडल्या. मीही रडले. गॅसच्या त्या सकाळपासून माझ्या छातीवर बसलेला धोंडा त्या टेबलापाशी उतरला.

बसमध्ये बसल्याबसल्या सुनीलला फोन, तोही स्पीकरवर. "तिकीट रद्द कर. मला वास यायला लागला."

"कसला वास, आई?"

"वाइनचा."

पलीकडून घाबरा आवाज, "आई, तू आहेस कुठं?" अख्खी बस हसली.

सगळे वास काही एकदम परतले नाहीत. आधी आले ते वाईट: करपलेलं, कुबट, नासलेलं. हिंग दोन महिन्यांनी आला, मोगरा त्याच्याही नंतर. सुनील स्वतः येऊन आठवडाभर राहिला, गॅस गळला तर वाजणारी घंटा बसवून घेतली, आईला डोळे मिटायला लावून एकेक डबा हुंगवला आणि मगच तिकिटाचा विषय सोडला. "तुझ्या घंटेच्या आधी मी ओरडेन," काकूंनी त्याला बजावलं. आणि पुन्हा आमच्या दाराशी थांबायला लागल्या. "डाळ लागतेय बघ!" अशी हाक ऐकून मला आनंद व्हायचा, डाळ गेली खड्ड्यात.

त्या घरात त्या आणखी तीन वर्षं राहिल्या आणि गेल्या त्याही तिथूनच, दोन दिवसांच्या आजारपणात, सुनील उशाशी असताना. तेराव्यानंतर तो किल्ली ठेवायला माझ्याकडे आला. मी इतकी वर्षं मनात धरलेलं बोलून टाकलं, "तेव्हा तुला फोन करून मी त्यांचं घर सोडवत होते रे. त्याची फार रुखरुख राहिली."

"तो फोन केला नसता तर मला या तेराव्याला तीन वर्षं आधीच यावं लागलं असतं, ताई," तो म्हणाला. मग किल्ली माझ्या हातात ठेवली. "पण नेलं नाही तेही बरंच झालं. माझ्याकडे आई पाहुण्यासारखी राहिली असती."