मालखान्यातली दोन इटालियन कपाटं

ती केस मी विसरलेलो नाही. विसर म्हणणारे पुष्कळ भेटले, पण विसरणार नाही.

आधी एक खुलासा. सभेत माझी ओळख करून देताना लोक 'निवृत्त पोलीस अधिकारी' म्हणतात. चौतिसाव्या वर्षी कुणी निवृत्त होत नसतं. मी भोपाळच्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो आणि राजीनामा देऊन बाहेर पडलो. आता नोंद न करता ठाण्यात बसवून ठेवलेल्या माणसांच्या बाजूने पत्रकं छापतो आणि वाटतो. या केसमध्ये बसवून ठेवणारा मीच होतो. म्हणून सगळं सांगतो, फक्त नावं सोडून.

तक्रारदार अरेरा कॉलनीतले एक मोठे गृहस्थ होते. बांधकामाच्या धंद्यातून बाहेर पडल्यावर त्यांना इटालियन फर्निचर जमवायचा नाद लागला. साधंसुधं नाही. ऐंशीच्या दशकात तिकडच्या काही डिझायनरांनी सगळे नियम मोडून केलेलं फर्निचर. मी बंगल्यावर गेलो तेव्हा बूट काढायला लावून, कापडी मोजे घालायला देऊन त्यांनी आत नेलं. एक खुर्ची होती, तिची पाठ म्हणजे नुसती एक निळी चकती. एक दिवा होता, बदकासारखा. माझ्याबरोबरचा हवालदार माझ्या कानाला लागला, "सर, ये तो आंगनवाडी का सामान है."

गृहस्थांनी ते ऐकलं, पण चिडले नाहीत. उलट समजावून सांगायला लागले. "गंमत वाटते ना? तेच तर आहे. ते लोक म्हणाले, फर्निचरने गंभीर का दिसायचं? स्वस्त सनमायका घेतला आणि राजवाड्यात बसेल असा पीस बनवला." खरं सांगतो, मला ते आवडलं. माणसाला विषय कळत होता. विषय कळणाऱ्या माणसावर पोलीस लवकर विश्वास ठेवतो. हा आमचा पहिला दोष.

तक्रार अशी होती. त्यांच्याकडे एक कपाट होतं. एक पाय लाल आणि चौकोनी, दुसरा पिवळा आणि गोल, वर तिरक्या फळ्या, आणि सगळ्या अंगावर पांढऱ्यावर काळी, अळ्या वळवळतात तशी नक्षी. पाय हलायला लागला म्हणून गोविंदपुऱ्यातल्या एका मिस्त्रीकडे दुरुस्तीला दिलं. ते परत आलं. पुढे दिल्लीच्या एका संग्राहकाला विकलं, तेव्हा तिथल्या जाणकाराने सांगितलं, ही नक्कल आहे. कपाट परत आलं, वर पोलिसांत जाण्याची धमकीही आली. म्हणजे मिस्त्रीने अस्सल ठेवून घेतलं आणि नक्कल टेकवली. पुरावा म्हणून त्यांनी अस्सल कपाटाचा पाच वर्षांपूर्वीचा फोटो दिला आणि परत आलेली नक्कल आमच्या ताब्यात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या लँडलाइनवर निनावी फोन आला. "मिस्त्री की शेड में, पीछे, नीली तिरपाल के नीचे देखिए. पीस वहीं है." बस, एवढंच.

खबर अशी नसते. खरा खबरी आधी चहा मागतो, मग अर्धं सांगतो, मग उरलेलं सांगायला पुन्हा येतो. हा फोन म्हणजे पत्ता लिहिलेलं पाकीट होतं. शिवाय गोविंदपुऱ्यात कुणी कपाटाला 'पीस' म्हणत नाही. हे सगळं मला तेव्हाच खटकायला हवं होतं. खटकलं नाही, कारण टी.आय. साहेब, म्हणजे आमचे ठाणेदार, म्हणाले, "वा, केस संध्याकाळपर्यंत मिटली." आणि मलाही ती मिटायलाच हवी होती.

निळी ताडपत्री उचलली. कपाट होतं. हुबेहूब.

गृहस्थांना ओळख पटवायला बोलावलं. त्यांनी हातमोजे घातलेल्या हाताने कपाटाला स्पर्श केला, डोळे मिटले आणि म्हणाले, "हेच माझं." सही केली. पंचनामा मी लिहिला. त्यात शब्द घातले, 'अस्सल इटालियन बनावटीचे दुर्मीळ कपाट.' मला काय कळत होतं अस्सल म्हणजे काय? तक्रारीत होतं ते उतरवलं. देशभरातले पंचनामे असेच लिहिले जातात. सोनं दिसलं की तक्रारदार म्हणतो तेवढ्या कॅरेटचं, हिरा दिसला की तक्रारदार म्हणतो तसला.

मिस्त्री पन्नाशीचा, मूळचा वर्ध्याकडचा. माझ्या छातीवरची नावाची पाटी वाचून त्याच्या जिवात जीव आला. "साहेब, तुम्ही आपल्याकडचे हाय ना?"

"मी ठाण्याकडचा आहे. कपाट कुठून आणलंस?"

"आनलं नाही साहेब, बनवलं. दोन्ही मीच बनवले. पहिलं सात वर्षं झाले. साहेबायनं पुस्तकातला फोटो दाखवला, म्हनाले, असं जमते का? नक्षी छापखान्यातून छापून घेतली. आता म्हनाले, आनखी एक बनव, पन मी सांगतो तवाच आन."

"म्हणजे दोन्ही नकली?"

"नकली कायले? मजबूत हायेत."

हवालदार हसला. मीही हसलो. एका शेडमध्ये बनियनवर बसून माणूस इटली बनवतो, हे आम्हाला पटेना. मी म्हटलं, "ठीक. पाठ उघडून बघतो. तुझं काम असेल तर आत कळेल."

त्याचा चेहरा उतरला. "नाही साहेब. खोलू नका."

"का?"

"खोलू नका, बस."

झालं. संशयिताने अमुक ठिकाणी बघू नका म्हटलं की पोलिसाची खात्री पटते. मी त्याला बाकावर बसवला. अटक दाखवली नाही, रोजनामच्यात नोंद केली नाही. 'चौकशीसाठी बोलावले आहे' एवढं तोंडी. दोन दिवस. हात उचलला नाही, हे मी त्या वेळी मोठेपणाने सगळ्यांना सांगत होतो. बायको डबा घेऊन फाटकाशी उभी राहायची, हवालदार डबा आत घ्यायचा आणि तिला बाहेर ठेवायचा. ती एकच विचारायची, "बंगल्यावाले आता यांना आत घेतील का?" अरेरा कॉलनीतल्या दहा-बारा घरांवर त्यांचं पोट होतं. तुरुंग नंतरची गोष्ट. चोर हा शब्द एकदा त्या गल्ल्यांत फिरला की मिस्त्रीला कोण दार उघडणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी गृहस्थ ठाण्यात आले. मला वाटलं, कपाटाला ओरखडा आला का, ते बघायला आले असतील. कपाटाकडे पाहिलंसुद्धा नाही. विचारलं, "पंचनाम्याची प्रमाणित प्रत कधी मिळेल? आणि माल परत देताना कोर्टाच्या सुपुर्दगीच्या आदेशात 'अस्सल इटालियन' हे शब्द येतील ना?"

"येतील बहुतेक. पण आम्ही एकदा पाठ उघडून आतलं बघणार आहोत."

"नाही नाही, खोलू नका," ते घाईने म्हणाले. "किंमत जाते."

चोर आणि धनी दोघेही म्हणतात, खोलू नका. मग आत आहे तरी काय?

गृहस्थ गेल्यावर मी मिस्त्रीला बाकावरून उठवून अंगणातल्या कडुलिंबाखाली नेलं. पाणी दिलं. "दादा, आता पोलीस म्हणून विचारत नाही. का खोलू नको?"

तो पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागला. मग बोलला.

"आत पेटीचं लाकूड हाय. फ्याक्टरीचा माल येते ना, त्या पेट्या भंगारात भेटतात. साहेबायले सांगितलं नवीन प्लाय, लावलं पेटीचं. दोन्हीत. हे फुटलं तं लोक म्हनतील, हा मिस्त्री हलकं सामान लावते. कोन काम देईन मले?"

ऐका नीट. हा माणूस चोर ठरायला तयार होता, पण हलकं लाकूड लावणारा मिस्त्री ठरायला तयार नव्हता. सहा वर्षांच्या नोकरीत इतका खरा कबुलीजबाब मी ऐकला नव्हता.

त्याच दिवशी टी.आय. साहेबांची परवानगी घेऊन, दोन पंच आणि बाजारातला एक तिऱ्हाईत सुतार बोलावून दोन्ही कपाटांच्या पाठी उघडल्या. दोन्हीकडे आत तेच पिवळट लाकूड, वर काळ्या शाईत छापलेलं. 'नाज़ुक माल. यह भाग ऊपर रखें.' आणि एका फळीवर, अर्धं कापलेलं, 'गोविंदपुरा, भो'.

सुतार म्हणाला, "इटली बहुत पास आ गई, साहब."

मग मी तक्रारीतला तो पाच वर्षांपूर्वीचा फोटो काढला. पहिल्या कपाटाच्या डाव्या फळीवर सनमायका कमी पडला म्हणून मिस्त्रीने बोटभर रुंदीची पट्टी जोडली होती. फोटोतही ती पट्टी त्याच जागी होती. म्हणजे फोटोतलं 'अस्सल' आणि दिल्लीहून परत आलेली 'नक्कल' हे एकच कपाट. अदलाबदल झालीच नव्हती. अस्सल कपाट बंगल्यात कधी नव्हतंच.

हेतू काय होता, ते कळायला मला जास्त वेळ लागला नाही. दिल्लीवाल्यापुढे गृहस्थांना फसलेला माणूस व्हायचं होतं, त्यासाठी चोर हवा होता, म्हणून तो 'पीस'वाला फोन. आणि दुसरं कपाट मालखान्यातून, म्हणजे ठाण्याच्या जप्त मालाच्या खोलीतून, बाहेर पडताना सरकारी शिक्का घेऊन पडलं असतं. पोलिसांनी पकडलेलं, कोर्टाने परत दिलेलं, 'अस्सल इटालियन'. त्यापुढे कुठला जाणकार तोंड उघडणार? त्यांनी मिस्त्रीकडून कपाट करून घेतलं आणि माझ्याकडून दाखला. मिस्त्रीने निदान आत लाकूड तरी घातलं होतं. मी काय घातलं होतं?

खोटी तक्रार केली म्हणून गृहस्थांवर कारवाई करावी, असा प्रस्ताव मी लिहिला. टी.आय. साहेबांनी वाचला, दुमडला, ड्रॉवरमध्ये ठेवला. "बेटा, बडे आदमी हैं. लिख दो गलतफहमी थी." फाइलवर 'गैरसमजातून तक्रार' असं लिहिलं गेलं. गृहस्थांना कुणी बाकावर बसवलं नाही. त्यांना खुर्ची दिली, चहा दिला.

मिस्त्रीला म्हटलं, जा घरी. तो जाईना.

"लेखी द्या साहेब."

"काय?"

"मी चोर नाही म्हनून."

ठाण्यात शोधलं. अटकेचा नमुना आहे, जप्तीचा आहे, जामिनाचा आहे. हा माणूस चोर नाही, असं लिहून द्यायचा नमुना कुठेच नाही. मी कोरा कागद घेतला आणि लिहिलं, 'सदर इसम चोर नाही.' खाली नाव, हुद्दा, सही.

त्याने बायकोला आत बोलावून तो वाचायला लावला. ती म्हणाली, "साहेब, याच्यात चोर शब्द आला. लोक तेवढाच वाचतील."

"मग काय लिहू?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मिस्त्री म्हणाला, "लिहा, हे दोन्ही कपाट यानंच बनवले." आणि लगेच, आवाज उतरवून, "पेटीचं नका लिहू."

लिहिलं. त्या कागदावरून मला खुलासा मागणारी नोटीस आली. सरकारी कागदाचा अनधिकृत वापर. बेकायदा बसवून ठेवल्याबद्दल मात्र कुणी एक ओळ विचारली नाही. तेव्हाच ठरवलं, या कार्यालयात आपलं जमणार नाही.

केसने काय शिकवलं? पोलिसाने जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहावं. बंगल्यातून सांगितलेलं विशेषण पंचनाम्यात गेलं की आपण त्या बंगल्याचे नोकर झालो. आणि माणूस काही लपवतो आहे, एवढ्यावरून तो गुन्हा लपवतो आहे, असं धरू नये. बहुतेक माणसं गुन्हा लपवत नाहीत, लाज लपवतात. ओळखायला वेळ द्यावा लागतो, आणि तेवढा वेळ आम्ही फक्त मोजे घालायला देऊन आत नेणाऱ्यांना देतो.

पेटीच्या लाकडाचं इथे लिहिलं, ते मिस्त्रीला विचारून. तो म्हणाला, आता लिहा, आता अरेरा कॉलनीतले लोक फोटो घेऊन येतात आणि म्हणतात, असंच वाकडं बनवून दे. माझा कागद त्याने काचेत घालून शेडच्या दारात लावला आहे. सही माझी आहे. कुणा अधिकाऱ्याला तपासायची असेल तर जरूर जावं, आणि आधी उसनं विशेषण न घालता पंचनामा कसा लिहितात ते मला येऊन सांगावं.