खुर्चीचा मान

दुबईजवळ अजमानला आमच्या इमारतीत रहिवाशांची एक स्वयंसेवक अग्निशमन तुकडी आहे. तिने आजवर एकच ज्योत विझवली, तुकडीच्या उद्घाटनाच्या समईची. तीसुद्धा एसीच्या झोताने विझली होती, पण टाळ्या तुकडीने घेतल्या.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी तुकडीचा सराव असतो. आदल्या दिवशी इमारतीच्या ग्रुपवर सूचना येते: उद्या साडेदहाला अलार्म वाजेल, कोणी घाबरू नये, खाली बटाटेवडे आहेत. अलार्म वाजतो आणि माणसं पर्स, गॉगल, पावडर असं सगळं करून रमतगमत जिना उतरतात. कप्तान खाली शिट्टी घेऊन उभा. याचा कॉन्ट्रॅक्टिंगचा धंदा आहे. आयुष्यभर दुसऱ्यांवर ओरडून कामं करून घेतली, आता इथे फुकट ओरडायला मिळतं. अंगात केशरी जॅकेट, त्याच्या पाठीवर पदनाम. "यल्ला यल्ला, लाइन में आओ! वडे बाद में!" असं तो ओरडतो, आणि त्याचा स्वतःचा हात वड्यांच्या परातीत असतो.

सरावाचा कळस म्हणजे खुर्ची. ज्याला चालता येत नाही अशा माणसाला जिन्यावरून उतरवायची, पट्ट्यांची, चाकांची चांगली महागडी खुर्ची आहे. पहिल्याच सरावात तिच्यात रोगी म्हणून बसवायचं कोणाला, हा प्रश्न पडला. नेमके इमारतीचे मॅनेजर पाहुणे म्हणून आलेले. पाहुण्याला उभं कसं ठेवायचं, म्हणून त्यांनाच बसवलं. बसवलंच आहे तर शाल घालू, आणि शाल आली म्हणजे नारळही आलाच. त्या दिवसापासून खुर्चीत बसणं हा मान झाला. मग मानासाठी वशिले लागू लागले. कोणाचे पुण्याहून आलेले मामा, कोणाचे शारजाचे सोनार मित्र, कोणाच्या ऑफिसातले साहेब. दर महिन्याला एक धडधाकट माणूस आपल्या पायांनी पहिल्या मजल्यावर चढायचा, स्वतःच खुर्चीत बसायचा, शाल सारखी करायचा, नारळ मांडीवर घ्यायचा आणि पट्टासुद्धा आपला आपणच लावायचा. मग चौघं त्याला वाजतगाजत तळमजल्यावर उतरवायचे. पुढे फोटो आणि वडे.

या सगळ्या इमारतीत त्या खुर्चीची खरी गरज एकाच माणसाला होती, माझ्या नवऱ्याला.

ह्यांना मेंदूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. आम्ही नवव्या मजल्यावर राहतो. मुलगा दिवसभर रास अल खोरला गोदामावर, सून दुबईत ऑफिसात. घरी आम्ही दोघंच. लिफ्ट चालू असेपर्यंत सगळं ठीक. आग लागली की लिफ्ट बंद होते, हे मला पहिल्या सरावात कळलं आणि तेव्हापासून स्वयंपाक करतानाही माझं अर्धं लक्ष त्या जिन्याकडे असायचं. ह्यांना खाली कोण नेणार? झटक्यानंतर ह्यांच्या तोंडात मोजकेच शब्द उरलेत: चहा, नको, बस आणि परत. 'परत' हा माझा शब्द. रोज व्यायाम करून घेताना हात वर करा म्हणायचं, तो पडला की म्हणायचं, परत. ह्यांना तो शब्द मनापासून आवडत नाही.

म्हणून मी कप्तानाला गाठलं. म्हटलं, "एखाद्या महिन्यात तुमचे पाहुणे बाजूला राहू देत. ह्यांना बसवून नवव्या मजल्यावरून उतरवून बघा."

"छे छे, काकू! काकांना कशाला त्रास?" तो म्हणाला. मग आवाज उतरवून, "आणि ग्रुपवर फोटो जातात ना. काकांना असं बघून लोकांना कसंतरी होतं. खरी वेळ आली तर आम्ही आहोतच. इन्शाल्ला, येणारच नाही."

शेजारी तुकडीतली एक मुलगी उभी होती. इथेच वाढलेली, आर्किटेक्ट. ती म्हणाली, "आंटी, डोन्ट वरी. वी आर ट्रेन्ड."

वड्यांवर ट्रेनिंग झालेल्या लोकांशी काय बोलायचं? मी वर निघून आले.

एका मंगळवारी दुपारी अलार्म वाजला. इमारत ढिम्म. ग्रुपवर एकाने विचारलं, आज शनिवार आहे का? दुसऱ्याने विचारलं, नाश्ता आहे का? मी दार उघडलं तर पॅसेजमध्ये जळक्या तेलाचा वास. पाचव्या मजल्यावर कोणाच्या तरी कढईने पेट घेतला होता. लिफ्ट बंद. मी कप्तानाला फोन केला.

आले. खोटं कशाला बोलू, नऊ मजले चढून तो, ती मुलगी आणि आणखी दोघे असे चौघं आले. धापा टाकत आले, पण चौघांच्याही अंगात जॅकेट होतं. म्हणजे आधी घरी जाऊन जॅकेट घातलं आणि मग आले. खुर्ची उघडून पलंगाशी लावली. आणि उभे राहिले.

ह्यांच्याकडे बघत नुसते उभे राहिले. मला वाटलं, दम खातायत. मग कप्तान पुढे वाकला आणि अतिशय आदराने म्हणाला, "काका, जरा उठून बसता का?"

मी आयुष्यात पुष्कळ वेळा चिडले आहे, पण त्या क्षणी जे वाटलं तो राग नव्हता, किळस होती. इतक्या महिन्यांत यांनी एकाही माणसाला उचलून खुर्चीत ठेवलं नव्हतं. यांचा प्रत्येक रोगी आपल्या पायांनी येऊन बसला होता. न उठणारा माणूस कसा असतो, हे यांनी आज पहिल्यांदा बघितलं.

"बाजूला व्हा," मी म्हटलं. रोज करते तसंच केलं. ह्यांना कडेला सरकवून बसतं केलं, ह्यांचे गुडघे माझ्या गुडघ्यांत धरले, काखेतून हात घातले, आणि एका दमात खुर्चीत. पट्टे मी लावले. दुसऱ्या बाजूच्या जिन्यात धूर नव्हता, तिथून निघालो. प्रत्येक वळणावर ह्यांचा उजवा पाय घसरून पायरीवर आपटत होता, कारण पाहुणे आपला पाय आपण सांभाळायचे. शेवटी तो पाय मी हातात धरला आणि वाकून उलटी उलटी नऊ मजले उतरले. खऱ्या बंबाची माणसं तोवर येऊन, आग विझवून, पाइप गुंडाळत होती. खाली आल्याबरोबर कप्तानाने शिट्टी वाजवली आणि कोणाला तरी म्हणाला, "फोटो घे, फोटो घे. सक्सेसफुल रेस्क्यू."

दोन दिवसांनी तो पेढे घेऊन वर आला. म्हणाला, "काकू, या शनिवारी खुर्चीचा मान काकांना. शाल-नारळ सगळं. तुम्ही म्हणत होतात ना?"

"चालेल," मी म्हटलं. "पण सराव इथे, आमच्या खोलीत."

शनिवारी चौघं आले, शाल आणि नारळ घेऊन. हे खिडकीपाशी आपल्या खुर्चीत बसले होते. मी शाल बाजूला ठेवली, नारळ स्वयंपाकघरात नेऊन ठेवला आणि कप्तानाला म्हटलं, "पलंगावर आडवे व्हा."

"मी?"

"तुम्हीच. उजवा हात नाही, उजवा पाय नाही. मान ताठ धरायची नाही. आता तुम्ही तिघं, उचला तुमच्या कप्तानाला."

तिघांनी उचलायला घेतलं. एकाने जॅकेट ओढलं, एकाने पाय, ती मुलगी "वेट, वेट" करत राहिली. कप्तान पलंगाच्या कडेवर आला आणि पडतोय असं वाटताच त्याने उजव्या हाताने गादी घट्ट धरली.

"तो हात तुम्हाला नाही," मी म्हटलं.

त्याने ओशाळून हात सोडला आणि धपकन खाली आला, निम्मा जमिनीवर, निम्मा त्या मुलीच्या पायांवर. तो उठायला लागला, जॅकेट झटकायला लागला, घड्याळाकडे बघायला लागला. खाली वडे गार होत असणार.

तेव्हा खिडकीपाशी बसलेल्या माझ्या नवऱ्याने डावा हात उचलला, पलंगाकडे बोट केलं आणि अगदी स्वच्छ म्हटलं, "परत."