आमच्या गच्चीवरची कुमुदची छत्री

कुमुद गेल्याचं तिच्या मुलानं मला कळवलं, पण फोन करून नाही. सकाळी चहा घेत होते, तेवढ्यात मोबाइलवर दोन ओळी आल्या... "आई पहाटे गेली. दुपारी सरावलीला आणतोय. निखिल." तो आणि मी कित्येक वर्षं एकमेकांशी बोललो नव्हतो, त्यामुळे त्याला याहून जास्त लिहिता आलं नसेल. तपासणीसाठी ती त्याच्याकडे वापीला गेली होती. निघताना समोरच्या तिच्या खिडकीतून म्हणाली, "रेडिओ बंद केलाय गं. वाळत घालताना माझी केबल ओढू नकोस." आमचं शेवटचं बोलणं हे एवढंच. आता दीड महिना होऊन गेला, तरी समोरची ती बंद खिडकी दिसली की मला आधी तिचा रागच येतो, रडू मागून येतं.

आमची ओळख तलासरीची. ती तिथे नर्स, मी शाळेत शिक्षिका, दोघींच्या भाड्याच्या खोल्या शेजारी शेजारी. पाड्यापाड्यांवर फिरून आली की गरम पाण्यात पाय सोडून ती रेडिओ लावायची. "दिवसभर मीच बोलते, आता जरा यानं बोलावं," म्हणायची. पाड्यांवर वारली, दुकानात गुजराती, माझ्याशी मराठी... आणि भांडायला तिन्ही. पुढे दोघींनी सरावलीला ठरवून समोरासमोर घरं बांधली, मध्ये फक्त गल्ली. तिचा निखिल आणि माझी मेघना यांचं लग्नही आम्हीच हौसेनं जुळवलं. ते तीन वर्षंही टिकलं नाही. चूक कोणाची, ते इथे लिहीत नाही. तेव्हा मात्र ते आम्हा दोघींनाही पक्कं ठाऊक होतं, फक्त वेगवेगळं. मैत्रिणींच्या आम्ही विहिणी झालो होतो, त्यानंतर कोणीच राहिलो नाही. गल्ली तेवढीच होती, पण ती ओलांडायचं दोघींनी सोडून दिलं.

मग तिला काचबिंदूनं गाठलं. वाचन गेलं, टीव्ही गेला, उरला रेडिओ. पण आजूबाजूला इमारती आणि तारा इतक्या वाढल्या होत्या की साध्या रेडिओवर नुसती खरखर यायची. निखिल म्हणे मोबाइलवर ऐक, तर त्या गुळगुळीत काचेवर हिला काही दिसत नव्हतं. डिशवर रेडिओची केंद्रंही स्वच्छ लागतात असं कोणीतरी सांगितलं म्हणून तिनं डिश मागवली. आमच्याकडे तिला छत्रीच म्हणतात. डहाणू रोडचा मेकॅनिक तिच्या छपरावर चढून पाहतो तर आग्नेयेला नवी तीन मजली इमारत. "बेन, इथून सिग्नल नाय पकडणार. समोरची गच्ची मिळते का बघा." समोरची गच्ची म्हणजे माझी.

भिंतीला हात लावत ती दाराशी आली. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"तुझी गच्ची पाहिजे."

"कशाला?"

"छत्री लावायला. माझ्या घरावर आभाळच राहिलं नाही."

"लाव," म्हटलं आणि गॅसवर काहीही नसताना आत निघून गेले.

माझ्या गच्चीवर छत्री आणि तिथून गल्लीवरून तिच्या खिडकीत गेलेली केबल, आत टीव्हीला जोडलेला डबा, ज्याला ती रेडिओच म्हणायची, असा तो संसार सुरू झाला. पण समुद्राकडून वारं सुटलं की छत्री हलायची आणि रेडिओ मुका व्हायचा. दर वेळी मेकॅनिक कुठून येणार? छत्री फिरवायला वर एक आणि आवाज आला की नाही ते सांगायला खाली एक, अशी दोन माणसं लागतात. वर मी, खाली ती. "आला?" "नाही." "आता?" "आला... गेला. मागे घे." आम्ही बोलत नाही हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, त्यामुळे गल्ली मजेत ऐकायची. बरेच दिवस आमच्यात एवढेच शब्द होते. मग एकदा खालून आवाज आला, "आला. आणि चहा टाकलाय." मी पान्हा तिथेच ठेवून खाली उतरले.

त्या चहाच्या वेळीच ती म्हणाली, "मुलांचं मोडलं, सुधा. आपलं कोणी मोडलं?" मला खूप रडू आलं, आणि तिला दिसत नव्हतं म्हणून मी डोळे पुसलेही नाहीत. पण पुढे तिनं जेव्हा विचारलं, "माझ्यामागे निखिलशी बोलशील ना?" तेव्हा मी म्हटलं, "आधी तूच जाणार हे कोणी ठरवलं?" तिनं पुन्हा विचारलं नाही. मला अजून वाटतं, तिनं पुन्हा विचारायला हवं होतं.

गेल्या रविवारी निखिल घर आवरायला आला होता. दुपारी माझ्या दाराशी आला आणि खाली मान घालून म्हणाला, "छत्री काढून नेतो. तुम्हाला उगाच अडचण." मी जिन्याकडे हात केला. वर नट सैल केल्याचा आवाज आला आणि मला घरात बसवेना. गल्ली ओलांडून कुमुदच्या उघड्या घरात गेले, तिच्या खुर्चीत बसले आणि रेडिओ लावला. काहीच लागेना. खिडकीतून वर पाहिलं तर निखिल पान्हा हातात धरून माझ्याकडेच बघत होता. मग त्यानं पान्हा खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी छत्री सावकाश फिरवायला लागला. तलासरीला लहान असताना तो मला मावशी म्हणायचा, लग्नानंतर आई म्हणू लागला, आणि नंतर काहीच म्हणेनासा झाला.

"मावशी, आला?" त्यानं वरून विचारलं.

"नाही अजून," मी म्हटलं. "थोडी वर घे."

छत्री जागेवर यायला खूप वेळ लागला. तेवढा वेळ आम्ही बोलत होतो.